कोकणात गाडी रंगवली, आता चावी कधी घ्यायची? ड्युको, हवेवरचा टू-के आणि बूथमधला टू-के

गॅरेजवाला "उद्या संध्याकाळी घेऊन जा" म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. उद्या संध्याकाळी दाराला बोट लावलं तर ते चिकटणार नाही, आणि गाडी चकाकतही असेल. पण न चिकटणं वेगळं आणि पक्कं होणं वेगळं. अढीतला आंबा बाठ्याजवळून बाहेरच्या बाजूने पिकत येतो. रंगाचं मात्र उलट असतं. वरची कातडी काही तासांत बसते, आतलं थिनर निघून जाऊन थर टणक व्हायला दिवस लागतात. अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर त्यात हवेतली ओल आणि मीठ यांची भर पडते, त्यामुळे पुण्या-कोल्हापुरात चालणारे हिशोब इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत.

किनाऱ्यावरच्या गॅरेजांत आज तीन प्रकारे काम होतं: जुना ड्युको, उघड्या शेडमध्ये हवेवर सुकवलेला टू-के आणि पेंट बूथमध्ये भाजलेला टू-के. टू-के म्हणजे हार्डनर (थर कडक करणारं औषध) मिसळून मारायचा दोन भागांचा रंग. तिन्हींचं परीक्षण एकाच कसोटीवर केलं आहे. गाडी रस्त्यावर कधी काढता येते, आणि काढल्यावर पुढचा पावसाळा रंग सोसतो का?

ड्युको: लवकर सुकतो, पण तेवढंच

ड्युको हे खरं तर ड्यू पाँट कंपनीच्या रंगाचं नाव. १९२३ साली जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांना हा नायट्रोसेल्युलोजचा रंग दिला आणि रंग सुकण्यासाठी गाड्या आठवडेच्या आठवडे अडकून पडायच्या, ते थांबलं. आपल्याकडे मात्र "ड्युको मारला" म्हणजे गनने कुठलाही रंग मारला, असाच अर्थ रूढ झाला आहे. गॅरेजमध्ये विचारताना म्हणूनच "एनसी की टू-के?" असं स्पष्ट विचारायचं; एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज.

एनसी रंगात रासायनिक क्रिया काहीच होत नाही. थिनर उडालं की रंग सुकला. दहा-पंधरा मिनिटांत हात लावता येतो, दुसऱ्या दिवशी रबिंग मारून गाडी देता येते. गाडी चालवायला कधी मिळेल एवढंच विचाराल तर हाच सर्वांत वेगवान. पण जो रंग थिनर उडाल्याने सुकतो तो थिनर लागल्यावर परत विरघळतो. पेट्रोल भरताना झाकणापाशी सांडलेले चार थेंब पुरतात. शिवाय हा रंग पुढचे काही आठवडे आकसत राहतो. डिलिव्हरीच्या दिवशी आरशासारखं दिसणारं बॉनेट महिन्याभरात डल पडतं आणि खालच्या पॉलिश पेपरच्या रेघा वर दिसू लागतात.

किनाऱ्यावर त्याची आणखी एक खोड आहे, ती म्हणजे पांढरा पडणं. थिनर झपाट्याने उडताना पत्रा थंड करतं. हवा २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असेल तर दवबिंदू २६ अंशांच्या जरा वर असतो, म्हणजे पत्रा जेमतेम दोन अंश थंड झाला की ओल्या रंगावर दव धरतं. तेच पाणी थरात अडकून दुधी धुरकटपणा येतो. त्यावर रिटार्डर थिनर घालतात, ते सावकाश उडतं आणि पांढरेपणा टळतो. पण मग ड्युकोचा एकमेव गुण, म्हणजे वेग, तोच जातो. जून ते सप्टेंबर किनाऱ्यावर ड्युको मारून घेऊ नये. इतर महिन्यांतही तो विकायला काढलेल्या जुन्या गाडीपुरता किंवा आतल्या पत्र्यापुरताच ठीक. पाचपैकी दीड.

हवेवरचा टू-के: काम चांगलं, पण ऋतू बघून

बहुतेक चांगली गॅरेजं आज हेच करतात. रंगाचा बेसकोट आणि त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) क्लिअर, म्हणजे पारदर्शक थर. क्लिअरमध्ये हार्डनर मिसळला की दोन्ही एकमेकांशी जोडले जाऊन थर घट्ट होतो, म्हणून पेट्रोलने तो सुटत नाही. प्रमाण डब्यावर छापलेलं असतं, बहुधा दोनास एक. उदाहरणार्थ ५०० मिली क्लिअर, २५० मिली हार्डनर आणि वर पाच-दहा टक्के थिनर. एका दाराला दोन हात (थर) मारायला साधारण पाव लिटर तयार मिश्रण लागतं.

गाडी किती दिवसांनी न्यायची हे ठरतं ते इथेच. रेघा आखलेल्या कपात मोजून मिसळतात की अंदाजाने ओततात, ते गॅरेजमध्ये उभं राहून बघा. हार्डनर कमी पडला तर थर कधीच कडक होत नाही, महिन्यानेही नखाचा ठसा उमटतो. "पावसाळा आहे, लवकर सुकेल" म्हणून जास्त घातला तर थर ठिसूळ होतो. शिवाय क्लिअरशी न जोडला गेलेला हार्डनर हवेतली ओल खेचतो.

इथे एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. दमट हवेत टू-के उशिरा सुकतो असं सगळे म्हणतात. थिनर उडण्याला हवेतली ओल फारशी अडवत नाही, आणि हार्डनर तर पाण्याशीही क्रिया करतो. त्यामुळे वरची कातडी उलट लवकर बसू शकते. पण त्या क्रियेत कार्बन डायऑक्साइड सुटतो. कातडीखाली तो अडकला की टाचणीच्या टोकाएवढे फोड दिसतात आणि चकाकी मरते. म्हणजे पावसाळ्यात रंग "सुकला" असं वाटण्यात फसगत आहे, आतला थर बिघडलेला असतो. वॉटर-बेस बेसकोटचं गणित वेगळं. त्यातलं पाणीच उडून जायचं असतं, म्हणून दमट हवेत तो खरोखरच अडून बसतो. त्याला जोराचा वारा लागतो, ब्लोअर नसेल तर तो मारूच नये.

हार्डनर आणि थिनरचेही प्रकार असतात: फास्ट, मीडियम, स्लो. ३० अंशांच्या वर स्लो वापरायचा. फास्ट वापरला तर वरचा थर आधी बंद होतो आणि खालचं थिनर त्याला भोकं पाडून बाहेर येतं. एप्रिल-मेमध्ये रंगवलेल्या बॉनेटवर पिनहोल दिसतात त्यांचं कारण बहुतेक वेळा हेच, किंवा दोन हातांमध्ये दहा-पंधरा मिनिटं न थांबणं.

वेळेचा हिशोब आता मांडू. डब्यावरच्या वेळा २० किंवा २५ अंशांना धरलेल्या असतात. रासायनिक क्रिया दर दहा अंशांना ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते, त्यामुळे उष्णता आपल्या बाजूची आहे. नोव्हेंबर ते मे, दिवसा ३० अंशांच्या आसपास: पंधरा-वीस मिनिटांत धूळ चिकटत नाही, चार तासांत हात लावता येतो, २४ तासांनी गाडी गावात चालवता येते. मुंबई-गोवा महामार्गावर किंवा आंबा, कुंभार्ली, फोंडा घाटात न्यायची असेल तर तीन दिवस थांबा. पहिले सात दिवस धुणं नाही, महिनाभर वॅक्स, पीपीएफ (रंगावर चिकटवायची संरक्षक फिल्म), स्टिकर आणि ब्रशवालं मशीन वॉश नाही. सिरॅमिक कोटिंगवाले घाई करतात. हवेवर सुकलेल्या क्लिअरवर ते चार आठवड्यांच्या आत करू नये, कारण आतलं थिनर अजून निघत असतं आणि कोटिंग त्याचं तोंड बंद करतं.

पावसाळ्यात गावातल्या फेरीलाही ४८ तास धरा. आणि शेडला तीन बाजूंनी भिंती नसतील तर काम दिवाळीनंतरवर ढकला.

दिवसातली वेळही महत्त्वाची. हिवाळ्यात पहाटे पत्र्यावर दव असतं, म्हणून नऊ-दहाच्या आधी गन हातात घ्यायची नाही. दुपारनंतर समुद्रावरून खारे वारे सुटतात, त्यांच्याबरोबर ओल आणि मिठाचे कण येतात. क्लिअर दुपारी एकच्या आत संपवलं तर वारा वाढेपर्यंत कातडी बसलेली असते. ज्या गॅरेजमध्ये संध्याकाळी पाचला क्लिअर मारायला घेतात तिथे सकाळी काचेवर कणी लागते तशी खरखर हाताला लागते. मग दोन हजार नंबरच्या पेपरने घासून कंपाउंड मारणं आलं, आणि तेही निदान एक-दोन दिवस थांबूनच.

उन्हात उभी करून भाजण्याची जुनी युक्ती अगदीच टाकाऊ नाही. चैत्र-वैशाखात काळं बॉनेट उन्हात ६० अंशांपर्यंत सहज तापतं, म्हणजे फुकटची भट्टीच. पण ताज्या क्लिअरवर लगेच ऊन नको, पिनहोल येतात. रात्रभर सावलीत, दुसऱ्या दिवशी ऊन. पांढऱ्या गाडीला याचा फायदा बराच कमी, ती तेवढी तापतच नाही.

नोव्हेंबर ते मे पाचपैकी चार, पावसाळ्यात दोन.

बूथमधला टू-के: पावसाळ्यात पैसे इथेच घाला

बंद खोली, गाळलेली हवा, आणि रंग झाल्यावर ६० अंशांना अर्धा तास. कागदावर एवढंच. भाजून निघालेली गाडी थंड झाली की चालवता येते, म्हणजे सकाळी बूथमध्ये गेलेली गाडी संध्याकाळी हातात. महामार्गावर दुसऱ्या दिवशी न्यायलाही हरकत नाही. हवेवरच्या आठ दिवसांचं काम इथे दुपारभरात होतं.

फक्त ते ६० अंश कशाचे, हे विचारायचं. बूथच्या पॅनलवर दिसतं ते हवेचं तापमान. पत्र्याला तिथवर पोहोचायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, जाड भागाला आणखी. म्हणून पूर्ण चक्र चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं हवं. डिझेल वाचवण्यासाठी २० मिनिटांत बर्नर बंद केला तर गाडी हवेवरचीच समजा, फक्त बिल बूथचं. चांगला कारागीर इन्फ्रारेडची छोटी बंदूक पत्र्यावर रोखून तापमान बघतो. बर्नर लावण्याआधी दहा मिनिटं नुसती हवा चालू ठेवावी लागते, नाहीतर इथेही पिनहोल. मध्येच वीज गेली तर बूथ थंड होतो. अशा वेळी पुन्हा पूर्ण चक्र लावायला सांगा, राहिलेल्या मिनिटांवर समाधान मानू नका.

एखाद-दोन पॅनल असतील आणि जवळ बूथ नसेल, तर शॉर्टवेव्ह इन्फ्रारेड दिवा हा स्वस्तातला मधला मार्ग. दोन-अडीच फुटांवरून दहा-पंधरा मिनिटं. तो पत्र्याला थेट तापवतो, थर आतून बाहेर पिकतो. गोलाईवर आणि कडेला मात्र उष्णता सारखी पोहोचत नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर जवळ धरला तर बंपर वाकतो. इलेक्ट्रिक गाडी बूथमध्ये घालण्याआधी बॅटरीला किती तापमान चालतं ते कंपनीच्या पुस्तिकेत बघून घ्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण कापला तो पुढच्या कारणासाठी.

भट्टीने झाकलं न जाणारं

किनाऱ्यावरच्या गाड्यांचा रंग सुटतो तो बहुतेक वेळा वरून नाही, खालून. क्लिअर कितीही भाजला तरी त्याच्याखाली मीठ राहिलं असेल तर पहिल्या पावसात फोड येतात. थरातून ओल हळूहळू आत जाते, मीठ ती धरून ठेवतं आणि रंग उचलला जातो. म्हणून घासायच्या आधी गाडी गोड्या पाण्याने आणि साबणाने धुतली पाहिजे, विशेषतः दाराखालची पट्टी आणि चाकांच्या कमानी. घासल्यानंतर धुतानाही तेच. समुद्राजवळच्या बऱ्याच विहिरींचं पाणी मचूळ असतं, उन्हाळ्यात जास्तच. त्या पाण्याने वॉटर पेपर मारून तसाच वाळवलेला पत्रा म्हणजे मीठ लावून ठेवलेली कैरी. हा प्रश्न इथल्या प्रत्येक गॅरेजला विचारा: पाणी कुठलं?

लांबी, म्हणजे पुटीन, पाण्याने घासलेली असेल तर तीही ओल पिते. ती कोरडीच घासायची. तिचा हार्डनर वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास, जास्त झाला तर फिक्या रंगावर पिवळट डाग वर येतात. उघडा झालेला पत्रा इथे रात्रभर ठेवला की सकाळी तांबूस धरतो, म्हणून त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर. सर्फेसरला (रंगाआधी पृष्ठभाग सपाट करणाऱ्या थराला) घासण्याआधी तीन-चार तास किंवा ६० अंशांना अर्धा तास द्यावाच लागतो. तिथे घाई झाली तर आठवड्याने घासलेल्या रेघा क्लिअरमधून दिसतात आणि दोष क्लिअरवर येतो.

आणि कॉम्प्रेसर. दमट हवा दाबली की टाकीत पाणी साचतं. पावसाळ्यात ते दिवसातून दोनदा काढावं लागतं, आणि गनच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर हवा. तपासायला सोपं आहे: नळीची हवा मिनिटभर कोऱ्या आरशावर सोडायला सांगा. थेंब दिसले तर गाडी परत न्या.

रंग कुठला आणि किती पिकला, हे ओळखायचं कसं

एनसी मारून टू-केचं बिल लावण्याचे प्रकार होतात. आठवड्याने पेट्रोलच्या झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा दाराच्या कडेला थिनरचा कापूस पाच सेकंद घासा. कापसाला रंग लागला तर वर टू-के क्लिअर नाही. पिकला का हे बघायला त्याच लपलेल्या कडेला नख दाबा. ठसा राहिला तर अजून वेळ आहे. ऊन खाल्लेल्या पॅनलजवळ नाक नेलं आणि थिनरचा वास आला तरी तेच.

पहिला महिना

कव्हर नको. हे पाळणं इथे सर्वांत अवघड, कारण पावसाने आणि झाडांमुळे प्रत्येकजण गाडी झाकतो. झाकलेल्या गाडीत थिनर आणि ओल दोन्ही कोंडतात आणि कापडाची वीण क्लिअरवर उमटते. प्लास्टिकची ताडपत्री त्याहून वाईट. दोन्ही बाजूंनी वारा जाणारी पडवी सर्वांत बरी.

गाडी आंब्याखाली लावू नका. मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांचा चिकटा पडतो, पुढे कैरीचा चीक. काजूखालीही तीच गत, जांभळाखाली डाग. ताज्या क्लिअरमध्ये हे सगळं मुरतं. कावळ्याची किंवा वटवाघळाची विष्ठा दिसली तर खरवडू नका. ओलं फडकं पाच मिनिटं ठेवा, मग उचला. पावसाचं पाणी २४ तासांनंतर लागायला हरकत नाही, पण थेंब तसेच उन्हात वाळले तर कडी राहतात, मऊ फडक्याने टिपून घ्या. समुद्रकिनाऱ्यावर नेलेली गाडी सात दिवसांच्या आत असेल तर दाब न देता नुसतं गोडं पाणी ओता, घासू नका.

रंगवून आणलेल्या गाडीची पूजा होतेच. बॉनेटवर कुंकवाचा ओला स्वस्तिक काढायचा मोह आवरा, तो डाग उतरेलच असं नाही. काचेवर काढा. हार दोऱ्याने बांधा, सेलोटेपने नाही.

महामार्गाच्या काम चाललेल्या पट्ट्यांत खडी उडते. भाजलेला क्लिअरही पहिल्या आठवड्यात पुरता टणक नसतो, डंपरच्या मागे चिकटून जाऊ नका. मडफ्लॅप नसतील तर आधी ते बसवा.

बंपरबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायची: प्लास्टिकला आधी प्लास्टिक प्रायमर हवा, आणि क्लिअरमध्ये लवचीकपणाचं औषध घातलं असेल तर तो पत्र्यापेक्षा सावकाश पिकतो. पत्रा तयार म्हणून बंपर तयार असं नाही.

बिलापुरतं

विम्यातून काम असेल आणि झिरो डेप (घसारा न कापणारी विम्याची जोड) नसेल, तर रंगाच्या मटेरियलवर ५० टक्के घसारा कापतात. बिलात मटेरियल आणि मजुरी एकत्र लिहिली असेल तर एकूण रंगकामाच्या २५ टक्के रक्कम मटेरियल धरतात. कोणत्या पद्धतीने तुमच्या खिशातून कमी जातं ते गॅरेजकडून दोन्ही आकडे घेऊन आधी बघा. बिलावर क्लिअर "टू-के पीयू" आणि "६० अंश बेक" असं लिहून घ्या, नुसतं "पेंटिंग" नको.

गाडी घेताना उरलेला बेसकोट ५० मिली काचेच्या बाटलीत मागून घ्या, झाकणावर रंगाचा कोड लिहून. खडीने उडालेल्या टिकलीला तो वर्षभर उपयोगी पडतो. हार्डनर मात्र बाटलीत घेऊ नका. एकदा उघडलेला हार्डनर या हवेत ओल पिऊन गढूळ होतो आणि मग डब्यातच घट्ट बसतो.